अर्ध्या चढावर

गेलीं वीस वर्षें, पावसाळा सरला कीं विद्यार्थ्यांसमवेत बुधवार पेठेपासून पन्हाळ्याचा चढ पायीं चढावयाचा, आणि सर्वांआधीं वर पोंचून मागाहून येणाऱ्या तरुणांची थट्टा करावयाची, असा आमचा परिपाठ. यंदा मात्र अर्ध्या चढावरच आम्हांला एका दगडाचा आश्रय घ्यावा लागला. "बसूं या, सर, आम्हीही दमलों," एक विद्यार्थी म्हणाला. तो मुळींच दमला नव्हता. त्याचें हें सौजन्य आम्हांला थट्टेहूनही अधिक झोंबलें.

कोल्हापुरास परतल्यावर आमच्या डॉक्टर स्नेह्यांनीं दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आंकडा १५२, खालचा ७८. पुढें दोन दिवस मोजूनही फरक पडला नाहीं.

हृदय ही वस्तु आम्हांला काव्यांतूनच ठाऊक! तीस वर्षें आम्हीं वर्गांत त्याचें जळणें, भंगणें आणि अर्पण होणें समजावून दिलें. परंतु तो एक स्नायु असून दिवसाकांठीं सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतो, याचा विचार कधीं केला नव्हता. डॉक्टरांनीं सांगितलें तें असें: तरुणपणीं महाधमनी प्रत्येक ठोक्यासरशी फुगते व रक्ताचा धक्का पोटांत घालते. वयाबरोबर तिच्या भिंतींतील लवचिक तंतु झिजतात, ताठर तंतु वाढतात. मग तो धक्का तसाच पुढें जातो. वरचा दाब चढतो, आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा बहुधा उतरूं लागतो. या वाढत्या दाबाविरुद्ध झटून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते व सैल पडावयास वेळ घेते. श्रमाच्या वेळीं ठोक्यांची कमाल गतिही घटते. २२० मधून वय वजा करावें, हा ढोबळ हिशेब. म्हणजे त्या विद्यार्थ्याचे २००, आमचे १६५!

तथापि निरोगी वृद्ध हृदय सहसा हार मानीत नाहीं. ठोके कमी पडले तर प्रत्येक ठोक्यापूर्वीं तें अधिक रक्त भरून घेतें. आमच्याकडील तालमींतले वृद्ध वस्तादही असेच: डाव थोडे, पण प्रत्येक डाव भरपूर.

इतकें ऐकून आम्हांला धीर आला. "म्हणजे हें वयाचेंच!" आम्ही म्हणालों.

"वयाचें असलें म्हणून चालवून घ्यावयाचें नसतें," डॉक्टर गंभीरपणें म्हणाले.

तेव्हां आम्हांला वडील आठवले. जिना चढतांना त्यांना दम लागे, आणि "आप्पा, वय झालें आतां," असें म्हणून आम्ही हंसत असूं. त्यांचा दाब आम्हीं कधीं मोजविला नाहीं. एका पहाटे त्यांचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ती परत आली नाहीं.

आतां आमची गोळी चालू आहे. लोणच्याची बरणी घरांतल्यांनीं वरच्या फळीवर ठेविली आहे, आणि रोज सकाळीं आम्ही रंकाळ्याकांठीं चालतों. धाकट्या भावालाही दाब मोजवून घेण्याविषयीं बजावलें आहे; तो हंसला, पण आम्हीं त्याला सोडलें नाहीं. पुढील वर्षीं पन्हाळ्यास जाऊंच, मात्र सर्वांच्या मागून. आणि त्या दगडापाशीं कोणी "बसा, सर" म्हणालें, तर बसूं.