अंध-पंगूंचा संसार

एकत्र कुटुंबांत मोठी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात: ती केवढ्याची, आणि ती कोणासाठीं. पहिला प्रश्न सारे मोठ्यानें विचारतात; दुसरा बहुधा मनांतच राहतो. कोलशेतला जेथें एकेकाळीं रसायनांचे कारखाने होते तेथें आज उंच इमारतींची रांग लागली आहे, आणि आमच्या घरांतील नात इमारती रचण्याचें शास्त्रच शिकत आहे. छायाप्रकाशासह एक चित्र पुरें होण्यास तिच्या जुन्या लॅपटॉपास सारी रात्र लागे. म्हणून आठवड्यांतून दोनदां ती मैत्रिणीच्या घरीं काम करून फार उशिरां ठाणें स्टेशनवर उतरे. सूनबाई तोंवर जेवत नसत.

धाकटे बंधु म्हणाले, "दादा, चार वर्षांत जुन्या होणाऱ्या वस्तूवर एवढा पैसा?" मीं इतकेंच म्हटलें कीं, पुतण्याच्या इंजिनिअरिंगची फी भरतांना हा हिशेब आपण मांडला नव्हता. बंधु समंजस आहेत. त्यांनीं लाख रुपयांची मर्यादा घालून संमति दिली, आणि निवडीचें काम निवृत्त माणूस म्हणून मजकडे आलें.

चित्रें रंगविण्याचें बळ ज्या अवयवांत असतें त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. समर्थ कार्ड लॅपटॉपच्या पोटांत बसविलें कीं लॅपटॉप जड, तापट आणि महाग होतो. शिवाय तें कार्ड पुढें बदलतांहि बहुधा येत नाहीं. लोकलच्या गर्दींतून तो भार रोज वाहणें मुलीला शक्य नव्हतें. दुसरी रीत अशी कीं, मेजावरच्या संगणकाचें कार्ड एका पेटींत, स्वतंत्र वीजपुरवठ्यासह, घरींच ठेवावें आणि हलका लॅपटॉप केबलनें त्यास जोडावा. सांख्यांनीं प्रकृति-पुरुषांच्या संयोगास अंध-पंगूंचा दृष्टांत दिला आहे, तो येथें तंतोतंत लागू पडतो. कार्डाच्या अंगीं बळ आहे, पण वाट दिसत नाहीं. लॅपटॉपास वाट दिसते, पण चालवत नाहीं. पंगु अंधाच्या खांद्यावर बसला कीं दोघेहि मुक्कामास पोंचतात.

मात्र सारी मेख त्या खांद्यांत, म्हणजे जोडणींत आहे. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपांस टाइप-सी नांवाचें लंबगोल छिद्र असतें. बाहेरून तीं सर्व सारखीं. गुण मात्र निरनिराळे. कांहींतून केवळ वीज आणि साधा मजकूर जातो. कार्डास जी पीसीआय एक्सप्रेसची वाट लागते ती हमखास मिळते थंडरबोल्ट जोडणींत. थंडरबोल्ट ३ ही २०१५ सालीं जाहीर झाली; तिचा वेग सेकंदास ४० गिगाबिटपर्यंत. तरी तिच्या काळच्या कांहीं लॅपटॉपांत चाराऐवजीं दोनच मार्गिका दिलेल्या असत. २०२० मध्यें थंडरबोल्ट ४ आली. वेग तोच, पण त्यांतील ३२ गिगाबिटांची वाट या कामासाठीं देणें निर्मात्यांवर बंधनकारक झालें. २०१९ च्या यूएसबी ४ मध्यें मात्र ही वाट देणें न देणें निर्मात्याच्या मर्जीवर आहे. अॅपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या लॅपटॉपांस थंडरबोल्ट असूनहि असें ग्राफिक्स कार्ड चालत नाहीं. म्हणून पुतण्याची ती सूचना मागें पडली.

नातीला घेऊन दादरला गाडी बदलून आम्हीं ग्रँट रोडला उतरलों आणि लॅमिंग्टन रोडचीं दुकानें पालथीं घातलीं. एक दुकानदार म्हणाला, "आजोबा, छिद्र तेंच आहे, चालेल!" नातीनें शांतपणें त्या लॅपटॉपचें निर्मात्याचें माहितीपत्रक मागितलें. त्यांत थंडरबोल्टचा उल्लेखहि नव्हता. ती नमस्कार करून बाहेर पडली. खरेदीची अर्धी विद्या या एका प्रश्नांत आहे, असें माझें मत झालें.

चार मार्गिका म्हणजे मेजावरच्या संगणकांतील सोळांचा चतुर्थांश; तेव्हां कार्डाचें कांहीं बळ वाटेंतच जिरतें. खेळांत क्षणाक्षणाला मजकुराची ये-जा चालते, त्यामुळें ही तूट अधिक जाणवते. चित्र सिद्ध करतांना सारा देखावा एकदां कार्डाच्या मेमरींत उतरला कीं पुढील गणित तेथेंच चालतें. म्हणून तूट थोडी. पडदा थेट कार्डासच जोडला तर चित्रास केबलनें परत यावें लागत नाहीं, हाहि लाभ. यावरून दोन गोष्टी ठरल्या. सर्वांत महाग कार्ड घेण्यांत अर्थ नाहीं. आणि वेगापेक्षां मेमरी पाहावी. २०२१ सालीं निघालेल्या आरटीएक्स ३०६० चें १२ गिगाबाइट मेमरीचें कार्ड आम्हांस पुरेसें वाटलें. लॅपटॉप घेतला तो कचेरींतून माझ्याप्रमाणेंच निवृत्त झालेला: थंडरबोल्ट ४, मेमरी १६ गिगाबाइट, वजन दीड किलोच्या आंत. पेटी, वीजपुरवठा आणि जुना पडदा धरून खर्च मर्यादेंत बसला.

ज्यांचा संगणक घराबाहेर जाणारच नाहीं त्यांनीं मात्र हा खटाटोप करूं नये. तेवढ्याच पैशांत मेजावरचा संगणक अधिक बळकट मिळतो. ज्यांना रोज बाहेरहि तेंच बळ हवें, त्यांनीं जड लॅपटॉपच घ्यावा. दिवसा हलकें ओझें आणि रात्रीं मोठें काम, असा ज्यांचा क्रम, त्यांनाच ही जोडी मानवते. एकत्र कुटुंबांत तिचा आणखी एक गुण कळतो: लॅपटॉप ज्याचा त्याचा, पण कार्ड घराचें. सुटींत पुतण्या आपला लॅपटॉप त्यासच लावून चलच्चित्रें जोडतो. पुढें लॅपटॉप जुना झाला तरी पेटी राहील.

नात आतां दिवेलागणीला घरीं येते. चित्र सिद्ध होत असतां पेटींतील पंखा घुमतो, आणि बंधु शेजारीं वर्तमानपत्र घेऊन बसतात. परवां ते तिला विचारीत होते, "बाळ, हा जिना किती पायऱ्यांचा धरलास?" तिनें जिना मोजून दाखविला. त्यांनीं दोन पायऱ्या वाढविण्यास सांगितलें. म्हातारपणीं उंच पायरी चढवत नाहीं म्हणून.