होळी बंतु!

आमची खजुरी आळंद तालुक्यात, उमरग्याच्या वाटेवर. भीमा आमच्या दारातून वाहत नाही. पण मावशी गाणगापूरच्या बाजूला भीमाकाठी राहते. त्यामुळे पाऊस लांबला की आमच्या घरातही नदीचीच चौकशी.

भीमा महाराष्ट्रातून येते. उजनीचे दरवाजे उघडले की बातमी मराठीत निघते आणि पाणी कन्नड मुलखात पोचते. ऑक्टोबर 2020 मध्ये उजनीतून 2 लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. हे गणित वर्गात ठीक. पण मावशीच्या शेजारणीने त्यावरून म्हशी सोडायच्या की नाहीत, हे कसे ठरवावे?

तेवढ्यात मावशीच्या नणंदेचा पंढरपूरहून फोन आला, "वैनी, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या." मावशीने गल्लीत उभे राहून हाक दिली, "होळी बंतु!" मराठी कानाला शिमगा आठवेल, पण तिकडे होळी म्हणजे नदी. त्या दोन शब्दांवर दावी सुटली, जोंधळ्याची पोती माळवदावर चढली. पाणी आले तेव्हा गोठे रिकामे होते.

सरकारी इशारा हवाच; पण तो घराघरांत पोचतो शेजाऱ्याच्या तोंडून, ओळखीच्या बोलीत. आपल्यापैकी कित्येक आईबाप मुलांना सांगतात, दोन्हींतली एक भाषा पुरे. दुसरी सोडवण्याआधी त्यांनी एकदा भीमाकाठी जाऊन विचारावे.