फाट्यावरची शेड



परवा बऱ्याच वर्षांनी जुन्या शाळेच्या गावी जाऊन आले. शाळेत कार्यक्रम होता. मुलगा म्हणाला, गाडीने सोडतो. पण पंचाहत्तरी उलटल्यापासून मला एस.टी.त तिकीट पडत नाही (२०२२ च्या ऑगस्टपासून ही सोय झाली), तेव्हा म्हटलं, नोकरीत ज्या रस्त्याने रोज गेले त्याच रस्त्याने एस.टी.नेच जाऊ.

हातखंबा मागे टाकून लांज्याच्या बाजूला निघालो. फाट्यावर उतरले, तर काही ओळखूच येईना. रस्ता चौपदरी, मध्ये दुभाजक, आंब्याचं झाड गायब. आणि माझी शेड? तीही नाही! तिच्या जागी आता डांबर आहे.

१९७२ साली बी.ए., बी.एड. होऊन मी त्या शाळेत लागले, तेव्हा ती शेड उभी होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधलेली. तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत भिंतीलगत जांभ्याचाच कट्टा. रस्त्याकडची बाजू तेवढी उघडी. आराखडा कुणी काढला नव्हता, पण त्यात शहाणपण होतं. जांभा इथलाच, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही सरळ नाही, वाऱ्याबरोबर आडवा. म्हणून भिंती वरपर्यंत आणि छप्पर पुढे चांगलं हातभर काढलेलं. पागोळ्या पायापासून लांब पडायच्या. रस्ता अरुंद, त्यामुळे रत्नागिरीकडे जाणारे आणि लांज्याकडे जाणारे सगळे एकाच शेडीत. भिंतीतल्या कोनाड्यात कुणीतरी कंदील ठेवायचं, वस्तीच्या गाडीने उतरणाऱ्यांसाठी.

कौलांचा त्रास एकच. वानरं नाचायची, दर वर्षी पावसाआधी कौलं परतावी लागायची. ते करणारी पिढी मुंबईला गेली. मग ऐंशीच्या दशकात कौलं उतरवून वर स्लॅब टाकला. भिंती त्याच. स्लॅब सपाट, त्यावर पाणी साचायचं आणि चार-पाच वर्षांत आत ठिबकायला लागलं. तसल्या सिमेंटच्या शेडी पुढे गावोगाव झाल्या. १९९३ च्या अखेरीस खासदार निधी सुरू झाला, त्यानंतर तर शेडीच्या कपाळावर कुणाच्या निधीतून बांधली ते मोठ्या अक्षरात आणि गावाचं नाव बारीक अक्षरात, असंही दिसू लागलं.

आताची शेड स्टीलच्या पाइपांची. वर रंगीत वाकवलेला पत्रा, बसायला भोकाभोकांची स्टीलची बाकडी, मागे जाहिरातीची चौकट. ही जाहिरातीची युक्ती फ्रान्समधली. १९६४ साली लियाँ शहरात देको नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. कंपनीने शेड बांधायची, निगा राखायची आणि बदल्यात तिच्यावर जाहिराती लावायच्या. शहरात ठीक आहे, पण आमच्या फाट्यावर जाहिरात बघायला येतंय कोण? चौकट रिकामीच होती. एप्रिलचं ऊन, बाकडं असं तापलेलं की मी पिशवी खाली घालून बसले. मनातल्या मनात लेख तयार व्हायला लागला होता: गेली ती माझी जांभ्याची शेड, गेला तो गारवा…

तेवढ्यात एक बाई आली. "बाई, ओळखलंत का?" १९८८ च्या दहावीतली माझी विद्यार्थिनी! मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकते, तिला न्यायला आली होती. गप्पा निघाल्या. मी म्हटलं, "अगं, आपली जुनी शेड किती छान होती, नाही?"

ती जरा थांबली. म्हणाली, "बाई, आम्ही मुली त्या शेडीत कधी बसलोच नाही."

मला कळेना. मी तर पंधरा-सोळा वर्षं तिच्याबरोबरच्या मुलींना त्या फाट्यावर बघत होते. ती सांगायला लागली. आत अंधार असायचा. पत्ते खेळणारे असायचे, विड्यांचा धूर असायचा. "तुम्ही आलात की ते उठायचे, तुम्हाला जागा द्यायचे. तुम्ही शाळेतल्या बाई ना. पण तुमची गाडी सव्वापाचची, आमची सहाची." मी गेल्यावर मुली बाहेर यायच्या आणि भर पावसात आंब्याखाली उभ्या राहायच्या. मग तिने तिच्या एका मैत्रिणीचं नाव घेतलं. गणितात हुशार, आठवीनंतर शाळा सुटलेली. एका संध्याकाळी पाऊस फार होता म्हणून ती एकटीच आत गेली होती. कुणीतरी हात धरला. ती घरी काही बोलली नाही, फक्त शाळेत येणार नाही म्हणाली.

मला ती मुलगी चांगली आठवते. मी तिच्या घरी गेले होते. आई म्हणाली, घरात कामाला माणूस नाही. मी परत आले आणि दाखल्यावर लिहिलं, 'घरगुती कारण'. माझ्याच हस्ताक्षरात आहे ते. गावाकडे पाठ करून असलेल्या त्या तीन भिंती, ज्यांना मी निवारा म्हणत होते, त्यांच्याआड काय चालतं हे मी एकदाही विचारलं नाही.

गाडी आली. विद्यार्थिनीची मुलगी उतरली, पाया पडली. मी तिला विचारलं, "संध्याकाळी इथे भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "नाही आजी, इथे सगळीकडून दिसतं ना. फक्त पावसात पाठ भिजते."

दोघींची उत्तरं एकत्र ठेवली तर आराखडा झालाच की! जांभ्याच्या भिंती, पण कमरेएवढ्याच. वर उघडं. छप्पर उतरतं आणि पुढे भरपूर काढलेलं. बसायला कट्टा आणि एक दिवा, रोज लागणारा. मी तसा अर्ज लिहून ग्रामपंचायतीत दिला आहे. बघू काय होतं ते.

त्या हुशार मुलीचा पत्ता मिळाला आहे. पन्नाशी उलटली असेल तिची. पत्र लिहायला दोनदा बसले, मायन्याच्या पुढे सरकत नाही. पण लिहीन.