शेवटचं प्रकरण काढून टाक

सातारा

चि. चिऊ,


तुझी कादंबरी वाचून झाली. आधी सलग वाचली, मग काही प्रकरणं पुन्हा उघडून बसले. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून बोलणं किती अवघड असतं हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी मनापासून शाबासकी. तुझा अनिकेत खरा आहे. जिन्यात बाबांच्या किल्ल्यांचा आवाज आला की त्याचे खांदे ताठ होतात, हे वाक्य वाचून मी थांबले. पालकसभेच्या दिवशी असे खांदे मी खूप पाहिलेत.

पण शेवटचं प्रकरण काढून टाक. अनिकेत बाबांच्या पाया पडतो, बाबा त्याला उठवून जवळ घेतात, आई पदरानं डोळे पुसते, हे सगळं. ते वाईट लिहिलेलं नाही. ते आम्हा मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, ही अडचण आहे. अडीचशे पानं तू त्या मुलाच्या बाजूला उभी राहिलीस आणि शेवटच्या दहा पानांत त्याला आमच्या ताब्यात दिलंस. अनिकेतच्या वयाचा वाचक हे लगेच ओळखतो. तो काही बोलत नाही, पुस्तक परत करतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कपाटाकडे वळतो.

मी तुला दोन पुस्तकं कुरियरनं पाठवते आहे. दोन्ही परक्या मुलखातली आहेत, पण या कामात त्यांच्याइतकं शिकवणारं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

पहिलं एस. ई. हिंटनचं ‘द आउटसायडर्स’. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची ही मुलगी. लिहायला बसली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि १९६७ साली पुस्तक छापून आलं तेव्हा अठराची. मुलीचं नाव पाहून समीक्षक पुस्तक बाजूला सारतील म्हणून प्रकाशकांनी नुसती आद्याक्षरं छापली. लोक या पुस्तकाची आठवण गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांमधल्या मारामारीसाठी काढतात. मला ते एका घराचं पुस्तक वाटतं. आईवडील अपघातात गेलेले, तीन भाऊ मागे राहिलेले. थोरला डॅरी वीस वर्षांचा, कॉलेजवर पाणी सोडून लोकांच्या छपरांची कामं करणारा. मधला सोडापॉप सोळाचा, शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागलेला. धाकटा पोनीबॉय चौदाचा, गोष्ट सांगतो तो हाच. घरात जरा कुठे चुकलं तर सरकार धाकट्यांना उचलून अनाथालयात टाकेल, ही टांगती तलवार डोक्यावर.

एका रात्री पोनीबॉय मैदानात गप्पा मारता मारता झोपतो आणि मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो. डॅरी जागाच असतो. तो ओरडायला लागतो, मधला समजवायला जातो, डॅरी त्याच्यावरही खेकसतो. त्याला ओरडलेलं पाहून धाकटा भडकतो आणि डॅरीचा हात उठतो. त्या घरात कुणी कुणावर हात उचललेला नसतो. पोनीबॉय दाराबाहेर पळतो आणि पुढचं सगळं रामायण त्या एका थोबाडीतून घडतं.

त्यानंतरची जोडणी नीट पाहा. पळताना त्याच्यासोबत जो मित्र आहे, जॉनी, त्याच्या घरी मार हा रोजचाच. हा जॉनी एकदा सांगतो की बाप मारतो तेव्हा तो निदान आपल्याला ओळखतो तरी. घरात असून नसल्यासारखं राहण्यापेक्षा ते बरं. माराचं समर्थन करणारं हे पुस्तक नाही, उलट त्या वाक्यानं पोटात खड्डा पडतो. पण घरात कुणाच्या नजरेलाच न पडणं ही मारापेक्षा मोठी जखम आहे, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं लिहून ठेवलं.

आणि समेट कसा होतो? हॉस्पिटलात डॅरी रडतो. धाकट्यानं त्याला कित्येक वर्षांत रडताना पाहिलेलं नाही, आईवडिलांच्या अंत्यविधीलाही नाही. त्या क्षणी त्याला उमगतं की हा माणूस इतके दिवस रागावत नव्हता, घाबरत होता. दोघं गेले, आता आणखी कुणी जाईल या भीतीनं. धाकटा माफी मागतोही, पण समेट त्या माफीनं होत नाही. धाकट्याला थोरला पहिल्यांदा दिसतो, त्यानं होतो. तुझ्या अनिकेतला त्याचे बाबा कुठे दिसले? मी शोधलं. मला ते पान सापडलं नाही.

दुसरं पुस्तक पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’, २०११ सालचं. याची कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. पात्रं आणि सुरुवात मनात बांधून ठेवलेली असताना २००७ साली ती कॅन्सरनं गेली. तिचं राहिलेलं काम नेसनं आपल्या पद्धतीनं लिहिलं. जिम के यानं काळी-पांढरी चित्रं काढली आणि २०१२ साली लेखनासाठीचं कार्नेगी पदक आणि चित्रांसाठीचं ग्रीनअवे पदक अशी दोन्ही एकाच पुस्तकाला मिळाली. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

कॉनर तेरा वर्षांचा आहे. आईला कॅन्सर, वडील अमेरिकेत दुसरा संसार थाटून बसलेले, आणि आजी अशी की तिच्या दिवाणखान्यात कशाला हात लावायची सोय नाही. आईला हॉस्पिटलात ठेवल्यावर त्याला या आजीकडे राहावं लागतं. रात्री एक झाड राक्षस होऊन त्याच्याकडे येतं आणि गोष्टी सांगतं. एका गोष्टीत राक्षस एक घर पाडतो आणि कॉनरला म्हणतो, तूही ये. कॉनर मनसोक्त तोडफोड करतो. भानावर येतो तेव्हा आजीचा दिवाणखाना उद्ध्वस्त झालेला असतो. सोफे फाटलेले, आजीच्या आईचं घड्याळ मोडलेलं.

आजी घरी येते. आपल्याकडच्या कुठल्याही लेखिकेनं, मीसुद्धा, इथे आजीला ओरडायला लावलं असतं किंवा पोटाशी धरायला लावलं असतं. नेस यातलं काहीच करत नाही. आजीच्या घशातून कण्हल्यासारखा एक आवाज येतो. ती खोलीभर नजर फिरवते, काचेचं एकच कपाट अजून उभं असतं, त्याच्याकडे जाते आणि ते स्वतःच्या हातांनी खाली ओढून पाडते. मग खोलीत जाऊन दार लावून घेते. पोर त्या ढिगाऱ्यात उभं. आजीची मुलगी मरते आहे, हे तोवर कॉनरच्या लक्षातच आलेलं नसतं. आपल्याही आलेलं नसतं, कारण इतकी पानं आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत होतो.

सकाळी त्याला वाटतं, आता शिक्षा होणार. होत नाही. शाळेत तो एका मुलाला बेदम मारतो, तिथेही होत नाही. सगळे त्याच्याकडे कीव करून बघतात आणि बाजूनं निघून जातात. नववीतल्या एका मुलानं हे पुस्तक परत करताना मला विचारलं होतं, “बाई, ह्याला कुणीच कसं ओरडलं नाही?” त्याच्या आवाजात तक्रार होती. त्याच्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं हे मला थोडंफार माहीत होतं, म्हणून मी फक्त त्याचं ऐकून घेतलं. पुस्तकाचं त्याच्याइतकं नेमकं वाचन मी कुणा समीक्षकाचं पाहिलेलं नाही.

पुढे हॉस्पिटलातल्या पलंगावरून आईच कॉनरला रागाची मोकळीक देते. तोडावंसं वाटलं तर तोड, मी तुझ्या बाजूनं आहे, अशा अर्थाचं बोलते. तुझ्या कादंबरीत असं बोलणारं कुणी नाही. सगळे त्याला शांत हो म्हणतात.

तू म्हणशील, मावशी, ही त्यांच्याकडची घरं. आपल्याकडे असं चालत नाही. म्हणून आपल्याकडचंही बघू. आपल्या किशोर वाङ्मयात फास्टर फेणेसारखी धाडसी पोरं आहेत, पण त्यांचं धाडस उंबऱ्याबाहेर असतं. घर बहुतेक सुखरूप. उंबऱ्याआतला राग आहे तो ‘श्यामची आई’त. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक गोडगोड आहे असं म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नाही. पोहायला जायच्या भीतीनं श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला मारते, ती गोष्ट आठव. आईचा राग खरा आहे, वळ खरे आहेत, नंतर भरून येणारे तिचे डोळेही खरे आहेत. पण ही गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातल्या मित्रांना तो रात्री आठवणी सांगतो आहे आणि आईला त्यानं केव्हाच समजून घेतलंय. माळ्यावर लपलेल्या पोराला त्या क्षणी आईविषयी काय वाटत होतं, ते मोठ्या श्यामच्या कृतज्ञतेखाली राहून जातं.

लंपनकडे ये. प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’मध्ये मोठा निवेदक आणलाच नाही. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा त्या वयातूनच बोलतो. त्याला जे कळत नाही ते आपल्याला कुणी समजावून देत नाही. लंपन चिडका नाही, हे खरं. पण मराठीत हा आवाज होऊ शकतो याचा पुरावा तो आहे. त्या आवाजात राग भरायचं काम अजून शिल्लक आहे आणि तू त्याला हात घातलास, म्हणून मी एवढं लांबलचक लिहिते आहे.

तुझ्या शेवटच्या प्रकरणात निवेदक एकदम चाळिशीचा झाला आहे. ‘बाबांच्या कठोरपणामागचं प्रेम मला उमगलं’ हे पंधराव्या वर्षी कुणाला उमगतं? आणि उमगायलाच हवं का? अनिकेतचे बाबा दहावीच्या मार्कांवरून चार लोकांत त्याचा पाणउतारा करतात. तो अन्याय आहे. त्याचा राग बरोबर आहे. बाबा त्याला जवळ घेतात तेव्हाही त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, म्हणजे ज्यासाठी पोर अडीचशे पानं जळत होतं ते त्यांनी पाहिलंच नाही. मग त्यानं वाकायचं कशासाठी?

आता कामाचं बोलू. तेराव्या प्रकरणात बाबा रात्री गॅलरीत बसून कारखान्यातून आलेलं पत्र वाचतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. हा धागा तू तिथेच सोडून दिलास. मला वाटतं तुझी कादंबरी तिथे आहे. अनिकेतला ते पत्र सापडू दे. त्यानं लगेच विरघळायची गरज नाही. बाबांची नोकरी जाणार हे कळल्यावर त्याला आणखी संताप आला तरी चालेल, कारण इतके दिवस त्याच्यापासून लपवलं. पण त्याला बाबा दिसू देत.

आणि आईकडे बघ. ‘द आउटसायडर्स’च्या शेवटाकडे तो मधला, हसरा सोडापॉप अचानक घराबाहेर पळून जातो. दोघं भांडताना त्याला दोन्हीकडून ओढतात, ते त्याला सहन होईनासं होतं. तुझ्या घरात हे काम अनिकेतची आई करते आहे: इकडचा निरोप तिकडे, तिकडचं ताट इकडे. तिला एकदा तरी उठून जाऊ दे. माहेरी नको, नुसती बसस्टँडपर्यंत गेली तरी पुरे. दोघं पुरुष घरात समोरासमोर राहतील आणि त्यांना एकमेकांशी बोलावंच लागेल. काय बोलतील हे मला माहीत नाही, ते तू शोध.

हस्तलिखितावर पेन्सिलीनं खुणा केल्यात, त्या उद्याच्या पार्सलात पुस्तकांबरोबर येतील. पुढचा खर्डा ईमेलनं नको, छापून पाठव, ओळींत जागा सोडून. दिवाळीपर्यंत झाला नाही तरी घाई करू नकोस. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी