व्याजाची चौकट

माझ्या हातून हिशोबाचं जे काही नेटकं काम आजवर झालं, त्याचं श्रेय तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका बाईंना आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं, म्हणून आम्ही सगळे तिथे जमलेलो. बाईंचं लक्ष मात्र कामाकडे. काहीही उघडण्याआधी त्या विचारायच्या, "करायचंय काय?" अर्ज लिहायचा असेल तर वर्ड, आकडेमोड असेल तर एक्सेल, चार माणसांसमोर उभं राहून समजावायचं असेल तर पॉवरपॉइंट. वाचनालयाचे सभासद आणि पुस्तकं यांच्यासारख्या एकमेकांत गुंतलेल्या नोंदी असतील तर ॲक्सेस. मराठी युनिकोडमध्येच टाइप करायचं, हा त्यांचा आग्रह. ठरावीक फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुन्या पद्धतीचा मजकूर अगम्य चिन्हांत दिसायचा. "कागद कुठेही गेला तरी वाचता आला पाहिजे," त्या म्हणत.

एक्सेलच्या वेळी त्यांनी सांगितलं, "पुस्तकातलं उदाहरण नको, घरची वही आणा." आई बचत गटाची सचिव होती. तिची वही मी नेली. महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, शेकडा दोन रुपये व्याज, परतफेड, सगळं तिच्या तिरक्या अक्षरात. बाईंनी ती पानं शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, "व्याजाचा दर प्रत्येक ओळीत लिहू नकोस. वर एका चौकटीत एकदाच लिही आणि बाकीच्या सगळ्या चौकटींना तिच्याकडे बघायला लाव." सूत्रात त्या चौकटीच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह जोडलं, की सूत्र खाली ओढलं तरी पत्ता हलत नाही, हे त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतलं.

पुढे गटाने दर दीडवर आणला. एरवी आई रात्र जागून सगळ्यांचं व्याज पुन्हा मांडत बसली असती. मी एकच आकडा बदलला आणि सगळ्या बायकांच्या ओळी तिच्या डोळ्यांदेखत बदलल्या. आईने तरीही चार ओळी वहीत करून पडताळल्या. मला ते फार आवडलं.

हे सुचलं कोणाला, ते मी नंतर वाचलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याने फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे पाहिलं होतं. आईचंच दुखणं! त्याच्या कल्पनेवरून बॉब फ्रँक्स्टनने प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिसिकॅल्क आलं. त्याचं पेटंट निघालं नाही. त्या काळी सॉफ्टवेअरला ते मिळणं अवघडच होतं. १९८३मध्ये लोटस १-२-३, १९८५मध्ये एक्सेल, सगळी याच कल्पनेवर उभी राहिली. ब्रिकलिन आणि फ्रँक्स्टन या दोघांचंही देणं मी मनापासून मानते.

आता मी गटांना लिबरऑफिस कॅल्क शिकवते. त्याला पैसे मोजावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी घरची वही आणायला सांगते. एखादी विचारते, "ताई, माझं व्याज एवढं कसं?" तेव्हा मी तिच्या चौकटीतलं सूत्र उघडते आणि ते तिलाच वाचायला लावते.