दोन मिनिटांच्या आत

प्रिय दादा,

काल फोनवर तू म्हणालास, "पुढच्या वेळी तुझ्या तोडीचा कुणीतरी बघ, माझ्यामुळे तू मागं पडतेस." मी गप्प राहिले. आई शेजारीच बसली होती आणि बोलले असते तर रडू आलं असतं. म्हणून हे पत्र.

केप एपिकच्या डोंगरातल्या सायकल शर्यतीहून परतून तीन आठवडे झाले. ब्रेक दाबून दाबून तळहाताला आलेले फोड वाळले, पण त्या आठ दिवसांतला चौथा दिवस काही मनातून जात नाही.

तो नियम तुला पाठ आहे. जोडीतल्या दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये आणि जोडीची वेळ धरायची ती मागून येणाऱ्याची. पुण्यात नाव नोंदवताना मी तो एका दमात वाचला आणि पुढचं पान उलटलं. आपण ब्रेव्हेवाले, लांबचा पल्ला ठरल्या वेळेत सायकलवर गाठून कार्डावर शिक्का घेणारे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. ज्याचं त्याचं कार्ड, ज्याचा त्याचा शिक्का. खंबाटकीत मी पुढं निघून गेले तर घाटमाथ्यावर चहा घेत तुझी वाट बघायची, एवढंच. तू उशिरा आलास म्हणून माझा शिक्का अडत नव्हता. तिथं मात्र दोघांत मिळून कार्ड एकच होतं.

डोंगरात आपण दोघंही नवखेच होतो. रस्त्याच्या सायकलला ९० पीएसआय हवा भरणारा तुझा हात २२ वर थांबायला तयार नव्हता. खड्या चढावर तू घाटातल्यासारखा पेडलवर उभा राहायचास आणि सुट्या खडीत मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं. बसून राहायचं, सीटच्या टोकावर सरकायचं, छाती हँडलकडे झुकवायची, हे आपल्याला कळलं तेव्हा दोन दिवस संपले होते. उतारावर माझी गत त्याहून वाईट. जो दगड टाळायचा त्याच्यावरच माझी नजर खिळायची आणि चाक नेमकं त्याच्यावर जायचं.

चौथ्या दिवशीच्या त्या लांब चढावर मी निघून गेले. माझं वजन ५२, तुझं ८४. चढावर हा हिशेब चुकत नाही. पाय हलके होते, पुढं दोन जोड्या दिसत होत्या, एकेकीला मागं टाकण्याची नशा चढली होती. दादा, मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. माथ्यावर थांबले, घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं गेली, चार गेली, सात गेली. मग तू वळणावर दिसलास, सायकल ढकलत, चालत. जर्सीवर घामाचं मीठ पांढरं फुटलेलं, बुटाखालची क्लीट दगडावर घसरतेय आणि तू दर चार पावलांना सायकल सावरतोयस. जवळ आल्यावर धापा टाकत तू म्हणालास, "चुकलं माझं." तुझं काय चुकलं होतं रे? तिथं वेळ तपासणारं कुणी नव्हतं, म्हणून आपल्याला दंड झाला नाही. पण सात मिनिटं मी तुला सोडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला चढाला पुढं घातलं. तू समजलास, मी दमले आहे. मी दमले नव्हते. ज्याला चढ जड जातो त्यानं पुढं राहायचं, गती त्याची, ही साधी गोष्ट मला तेव्हा उमगली होती. तुझ्या मागून जाताना तुझा श्वास ऐकू यायचा. तो तुटायला लागला की मी एखादा गिअर हलका करायचे आणि तू बोलायला लागलास की समजायचं, ठीक आहे.

आणि द्राक्षमळ्यांमधला तो सपाट कच्चा रस्ता आठव. आग्नेयेचा वारा समोरून, डोळ्यांत धूळ. तू काही न बोलता पुढं आलास, साताऱ्याहून परतताना यायचास तसाच, आणि मी तुझ्या चाकामागं हातभर अंतरावर आडोशाला. थोड्या वेळानं वळून पाहिलं तर आपल्या मागं आणखी तीन जोड्या रांगेत होत्या, तुझ्याच पाठीचा आडोसा धरून. माझ्या ६०० च्या कार्डावरचा निम्मा शिक्का तुझाच आहे, हे मला तिथं कळलं. ज्याचं त्याचं कार्ड असं काही नव्हतंच कधी.

टायरची कड कापली गेली तेव्हाही मी नुसती रडत उभी होते. पांढरं सीलंट फसफसून तुझ्या पोटऱ्यांवर उडत होतं. तू बोटानं चीर चाचपलीस, त्यात एक प्लग खुपसला, मग दुसरा, हवा भरलीस आणि म्हणालास, "चल."

तोडीचा कुणीतरी बघ म्हणतोस, तर ऐक. केडल इव्हान्स आणि जॉर्ज हिंकापी केप एपिक २०१७ साली जोडीनं धावले होते. २०११ मध्ये इव्हान्सनं टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा त्याच्यासाठी वारा कापणाऱ्यांत हिंकापी होता. पॅरिस-रुबे १७ वेळा धावलेला अस्सल रस्त्याचा गडी. इव्हान्स मूळचा डोंगरातला. रस्त्यावर येण्याआधी माउंटन बाइकचा विश्वचषक त्यानं दोनदा जिंकला होता. डोंगरातली जोडी म्हणून त्यानं कुणाला बरोबर घेतलं बघ. ज्याच्या चाकामागं बसून रस्ता कापला, त्यालाच.

त्या गँटाउच्या खिंडीत आपण सायकली खांद्यावर घेतल्या होत्या. खडकात बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. १८३० मध्ये शेजारून नवा घाट निघेपर्यंत गाड्या तिथूनच जायच्या. तू वाकून एका चाकोरीत हात घातलास, तो मनगटापर्यंत आत गेला. तू काहीतरी म्हणालास, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. विचारायचं राहून गेलंय.

मी दुसरा कुणी बघणार नाही. रविवारी पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर ये. खाणीच्या बाजूचा खडीचा चढ दहा वेळा करू. सीलंट मी आणून ठेवलंय, हवा २२ च भर.

चढाला पुढं तू.

तुझी,
धाकटी