मास्क

मुंबई विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने बॅगेतलं मशीन बाहेर काढलं. "मॅडम, हे काय?"

"सीपॅप. झोपेत श्वास अडकतो, म्हणून." मागची रांग कान देऊन ऐकत होती.

चौतिसाव्या वर्षी मला स्लीप अ‍ॅप्निया निघाला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते आणि मेंदू दचकून जागं करतो. मशीन दाबाने हवा सोडून ती वाट उघडी ठेवतं. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सिडनीहून हा उपाय जगापुढे मांडला. पुरुषाचं घोरणं घरात विनोदाचा विषय असतो. बाईचं घोरणं मात्र कुणी बोलूनही दाखवत नाही.

मागच्या वेळी लंडनला जाताना लाजेपायी मशीन चेक-इन बॅगेत टाकलं आणि आपण घोरू या भीतीने रात्रभर जागी बसले. उतरल्यावर ताईचं बाळ हातात घ्यायचीही ताकद नव्हती.

या वेळी विमान कंपनीला आधीच कळवलं. १०० वॉट-तासांच्या आतली बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवली, ह्युमिडिफायरची टाकी रिकामी केली. दिवे मंदावल्यावरही अर्धा तास मास्क मांडीवरच होता. मग लावला.

जाग आली ती थेट नाश्त्याच्या ट्रॉलीच्या आवाजाने. शेजारचे काका माझ्याकडेच बघत होते.

"हे कितीला पडतं हो? आमच्या हिचाही रात्री श्वास थांबतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर लाजते."

"आधी स्लीप स्टडी करून घ्या," मी म्हटलं. "आणि काकूंचा नंबर द्या. मी बोलते."